पाणी मारलेली कादंबरी

माझं अक्षर चांगलं आहे याचा मला आयुष्यात एकदाच पश्चात्ताप झाला, आणि तो सलग सहा उन्हाळे टिकला. वाशीमच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी नवा कारकून लागलो होतो. पहिल्याच दिवशी काट्यावरचे मुख्य कारकून माझ्या खांद्यावरून वाकून माझी वही बघायला लागले. मला वाटलं, चूक काढताहेत.

"अक्षर कोनं शिकवलं?"

"वडलांनी. छडीनं."

"छान शिकवलं. होळीनंतर जिन थंड होते. मंग उन्हाळ्यात काय करतं तू?"

मी वरिष्ठांना खूश करायच्या वयाचा. म्हणालो, "काही नाही." या दोन शब्दांनी माझा घात केला.

त्यांना सगळे काटेमास्तर म्हणायचे. शाळेत त्यांनी कुणाला एक अक्षर शिकवलं नव्हतं. पण मोठ्या काट्याशेजारी खुर्ची टाकून बसत आणि बंडीवाल्यांना असे रागवत, की ते नाव आपसूकच पडलं. आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. दिवाळी झाली की अनसिंग, जऊळका, शेलूबाजार अशा चहूकडच्या कापसाच्या बंड्या जिनाच्या फाटकाशी लागत. तोलायच्या आधी मास्तर खुर्चीवरून उठत, बंडीत कोपरापर्यंत हात खुपसून आतला मूठभर कापूस काढत, आणि डोळे मिटून तो गालाला लावत. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी शिंपडून आणणारे महाभाग असायचेच. मास्तरांच्या गालाला ते बरोबर कळे.

"पानी मारलं हाय," एवढंच म्हणत. मग शेतकरी बैलांची शपथ घेवो नाही तर लेकरांची. "तू घे बाप्पा शपथ. पन माह्या गालाले खोटं बोलता येत नाही." बंडी परत जायची, कापूस दोन दिवस उन्हात पडायचा, आणि मग तोच शेतकरी तोंड पाडून पुन्हा रांगेत उभा.

असा हा माणूस कादंबरी लिहितो, हे मला बंड्यांच्या रांगेतच कळलं होतं. ती उतरवायची मी, हे शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात मला बसवून त्यांनी धोतराच्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. "ही दुसरी वेचनी. आता तिसरी करायची. मी खोडतो, तू शुद्ध लिव्ह." मसुदा, प्रत असले शब्द त्यांच्या तोंडात नव्हते. कापूस जसा एकदाच वेचून होत नाही, बोंडं फुटतील तसा दोनदा, तीनदा वेचावा लागतो, तशी कादंबरीही वेचणी-वेचणीनं घरात येते, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या वेचणीला सहा वर्षं लागली, मग दर वर्षी एक. ती पुरी झाली की जिनात नेऊन नमुन्याच्या छोट्या काट्यावर तोलायची आणि फडक्याच्या कोपऱ्यावर शाईनं वजन लिहायचं. पहिली वेचणी भरली होती सव्वाचार शेर. दर खेपेला वजन उतरलंच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता.

मी लिहीत असताना ते मधेच पान ओढून घेत आणि गालाला लावत. होय, कागद. डोळे मिटून, श्वास रोखून.

"या पानात पानी मारलं हाय."

"मास्तर, शाई ओली आहे ती."

"शाई नाही, मजकूर. सूर्य उगवाले चार ओळी लागतेत काय? त्याचा तो उगवते." झालं, चार ओळी उडाल्या. पण उडायच्या आधी त्या त्यांच्या गालावर उमटलेल्या असायच्या. एकदा असाच अर्धा सूर्योदय गालावर घेऊन ते बाजारात भाजी आणायला जाऊन आले. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, दारातच पदर ओला करून त्यांचा गाल पुसला. जणू हे रोजचंच होतं, आणि खरंच ते रोजचंच होतं.

आता कादंबरीत होतं काय, ते सांगतो. दुसऱ्या वेचणीपर्यंत तिच्यात एक सरदार होता, एक राजकन्या, एक भुयार आणि एक हत्ती. हंगामात बंड्यांची रांग लागली की मास्तर सकाळच्या उन्हात उभं राहून त्यातली पानं बंडीवाल्यांना वाचून दाखवत. तोलून घ्यायचं असल्यामुळे कुणाला उठून जाता येत नसे. असे श्रोते मोठमोठ्या लेखकांच्याही नशिबी नसतील. सगळे माना डोलावत. फक्त अनसिंगचा एक म्हातारा, लाल पागोटंवाला, माझ्या पहिल्याच हंगामात बंडीवरूनच म्हणाला, "मास्तर, हत्ती रोज किती पानी पेते?"

"मले काय मालूम?"

"मंग लिव्हलं कायले? आमच्या गावची विहीर चैतात दोन बैलाले पुरत नाही. तुमचा हत्ती पंधरा दिस त्या गावात राहून राह्यला. गाव मेलं असंन."

मास्तरांनी त्याची बंडी तोलायला घेतली. जेवायच्या सुट्टीत मी बघतो तर त्यांनी हत्ती कापला होता. हत्ती गेला तर सरदार येणार कसा? मी म्हटलं, घोड्यावर बसवा. तर म्हणाले, घोड्यावरून त्याला राजकन्या दिसत नाही, तिची खिडकी उंच आहे. मग खिडकी खाली आणली. खिडकी खाली आली तशी राजकन्या येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनाच दिसायला लागली, मग लपूनछपून भेटायचं कारण उरलं नाही, म्हणून भुयार बुजवलं. भुयार बुजल्यावर सरदाराला काही कामच राहिलं नाही. एका म्हाताऱ्यानं विचारलेल्या घोटभर पाण्यापायी एवढं मोठं राज्य बुडालं.

उरली ती फक्त एक धर्मशाळा, जिथे सरदाराचा लवाजमा एक मुक्काम करणार होता. तिथे आता पुरामुळे अडकून पडलेले तीन प्रवासी होते. एक व्यापारी, एक पलटणीतून पळालेला शिपाई आणि एक न बोलणारी म्हातारी. आणि त्यांना रांधून वाढणारी एक बाई. ही बाई मात्र मास्तरांनी कुठून कल्पनेनं आणली नव्हती. ती चुलीपाशी बसलेलीच होती.

काकूंची वाढायची एक तऱ्हा होती. "अर्धीच हाय," असं म्हणत आणि ताटात अख्खी भाकर टाकत. आपण नको म्हणायला तोंड उघडावं तर तोंडात भाकर. शिवाय रोज एक भाकर जास्तीची थापून दुरडीत झाकून ठेवत. कुणासाठी, असं विचारलं तर म्हणत, "येनाऱ्याले." येणारा कधी चुकलेला बंडीवाला असे, कधी भिकारी, आणि बहुतेक वेळा मीच. कादंबरीतली बाई हेच करायची. अर्धीच हाय म्हणून अख्खी वाढायची आणि एक भाकर झाकून ठेवायची.

काकूंना लिहिता-वाचता येत नव्हतं. ती भाकर खाऊन गेलेल्या एका बंडीवाल्यानंच त्यांना सांगितलं, "काकू, तुमी त्या पुस्तकात हाय." काकूंनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी लिहायला बसलो तेव्हा मास्तर बाहेर गेल्याची खात्री करून त्या उंबऱ्याशी येऊन बसल्या. अंगावर सणाचं लुगडं होतं.

"बाबू, यंदा मी काय करून राह्यली त्यात?"

"व्यापाऱ्याला भाकरी वाढता."

"एवढंच? वर्सभर?"

तेव्हापासून दर उन्हाळ्यात हा प्रश्न ठरलेला. चौथ्या वेचणीत त्यांनी शिपायाला फैलावर घेतलं, ते ऐकून म्हणाल्या, "बरं केलं. लय माजला होता." पाचव्या वेचणीत मास्तरांनी त्या बाईला ताप आणला, तर काकू दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. "मले ताप कायले आनला? त्या तिघाईले जेवाले कोन घालीन?" मी मास्तरांना न सांगता नकलेत तापाचे आठ दिवस दोनावर आणले.

पण त्यांची खरी मागणी नथीची होती. नवीन लग्न झालं तेव्हा त्या मास्तरांचा डबा घेऊन जिनात जायच्या. एकदा कापसाच्या ढिगाशेजारून जाताना नाकातली नथ निसटली आणि कापसात पडली. पाण्याचा थेंब गालानं ओळखणारा हा माणूस, पण दोन दिवस ढीग उपसूनही त्याला बायकोची नथ सापडली नाही. कापूस यंत्रात गेला, रुईच्या गाठी बांधल्या गेल्या, आगगाडीनं मुंबईला गेल्या, तिथून बोटीनं पुढे. "माही नथ विलायतेले गेली," असं काकू हसत सांगत. "एखांद्या मडमेच्या झग्यातून निंघाली असंन." दुसरी नथ काही मास्तरांनी केली नाही. त्यांनी तो विषयच कधी काढला नाही.

"त्या बाईले एक नथ घाल नं बाबू," काकू म्हणाल्या. "पुस्तकात काय, फुकटच तं घालाची हाय."

सहाव्या वेचणीत मी घातली. एकाच ओळीत, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी. मास्तरांच्या दुसऱ्याच दिवशी लक्षात आली.

"ही नथ कुठून आली?"

"लिहिण्याच्या भरात…"

त्यांनी पान गालाला लावलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लावून ठेवलं. मग म्हणाले, "ओली हाय," आणि ओळ खोडली.

ती सहावी वेचणी त्यांनी पुण्याच्या एका प्रकाशकाला पाठवली. दिवाळीच्या सुमारास गाठोडं परत आलं, सोबत उत्तर. मास्तरांनी ते मला इतक्यांदा वाचायला लावलं की अजून तोंडपाठ आहे. कादंबरी वाचनीय आहे. परंतु स्वयंपाकिणीचा कथानकाशी काही संबंध दिसत नाही. तिचा भाग संपूर्ण गाळून पाठवल्यास छापू.

छापू. हा एक शब्द कोटाच्या खिशात घेऊन मास्तर अख्खा हंगाम काट्यावर बसले. ज्याला त्याला पत्र दाखवायचे. लाल पागोटंवाला म्हातारा आला तेव्हा त्यालाही वाचून दाखवलं. तो विचार करून म्हणाला, "बाई काढली तं पूर उतरेपर्यंत ते तिघं खातीन काय?"

म्हाताऱ्याचा सवाल तोच होता, हत्तीच्या वेळचा. पण या वेळी मास्तरांनी मान फिरवली. "ते आपापलं पाहतीन," म्हणाले, आणि त्याच्या बंडीत हात खुपसला. बारा वर्षं ज्यानं एका पुस्तकापायी डोळे फोडले, त्याच्या जागी मी असतो तरी हेच म्हणालो असतो. पण मला त्यांचा राग आला होता, हे आज कबूल करतो.

उन्हाळा आला. सातवी वेचणी सुरू झाली. मास्तर लाल शाईनं बाई काढत होते आणि मी खाली मान घालून उरलेलं उतरवत होतो. पहिल्याच दुपारी सणाचं लुगडं नेसून काकू उंबऱ्याशी.

"यंदा मी काय करून राह्यली?"

मी टाक उगाचच दौतीत बुडवला. मग म्हणालो, "माहेरी निघालात. शेलूबाजारला."

"अगं बाई. पूर असताना?"

"उतरला थोडा."

बाप रे, त्या उन्हाळ्यात मी जे रचलं ते मास्तरांना बारा वर्षांत सुचलं नसेल. काकूंच्या वहिनीनं त्यांना लुगडं घेतलं. परतताना बंडीचं चाक मोडलं. शिपायानं ते बसवून दिलं आणि काकूंच्या पाया पडला. काकू हनुवटीवर बोट ठेवून ऐकायच्या, "मंग?" म्हणायच्या, आणि मला दुसऱ्या दिवशीची भाकर गोड लागायची नाही. पंधरा दिवस असं चाललं.

वेचणी पुरी झाली. मास्तर गाठोडं जिनात तोलून आणून कोनाड्यात ठेवून आंघोळीला गेले. काकू केर काढत होत्या. कोनाडा पुसायला म्हणून त्यांनी गाठोडं उचललं आणि तशाच उभ्या राहिल्या. एकदा या हातात घेतलं, एकदा त्या हातात.

"बाबू," त्या म्हणाल्या, "हे पाऊन शेर कमी हाय."

"मास्तर दर वर्षी कमी करतातच की."

"दर वर्षी छटाक, अर्धा पाव. मी दर वर्षी उचलून पाह्यते. मले वाचता येत नाही, पन इतकी वर्सं काटेवाल्याच्या घरात हाय मी." गाठोडं त्यांनी अलगद कोनाड्यात ठेवलं. "मी नाही वाटते यंदा यात."

मी टाक पुसायला लागलो. दुसरं काय करणार होतो. शेलूबाजारच्या गोष्टीबद्दल त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत.

मास्तरांशीही त्या भांडल्या नाहीत, रुसल्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून वाढताना "अर्धीच हाय" म्हणणं बंद झालं. दोन भाकरी मागितल्या तर दोन. अर्धी मागितली तर खरंच अर्धी, मधोमध मोडलेली. दुरडी पालथी पडलेली. सगळ्यात जास्त हाल माझे झाले, कारण येणारा तो मीच होतो. पण मास्तरांचीही तऱ्हा बिघडली. जेवून उठायचे आणि काहीतरी विसरल्यासारखे पुन्हा पाटावर बसायचे. चौथ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"अवं, जेवन काहून कमी लागून राह्यलं?"

"कमी नाही," काकू चुलीकडे बघत म्हणाल्या. "जास्तीचं तेवढं काढलं. तुमीच म्हनता नं, कामाचं तेवढंच ठेवाचं."

मास्तरांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मी पाण्याचा तांब्या उचलून उगाचच प्यायला लागलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाठोडं घेऊन टपाल कचेरीत गेलो. लाखेचे शिक्के मारून, पत्ता माझ्या अक्षरात. टपालबाबूनं ते काट्यावर टाकलं, वजनं ठेवली, फडक्यावरच्या आकड्याशी ताडून पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर आहे."

"नाही," मास्तर म्हणाले.

"अहो, काटा बघा."

"काटा मले नको शिकवू. नाही बरोबर." त्यांनी गाठोडं उचललं, बाहेर पायरीवर बसले, आणि शिक्के फोडून एकेक पान गालाला लावायला लागले. टपालात आलेली माणसं थबकून बघत होती. मी लाजेनं अर्धा झालो. मास्तरांना कशाचं भान नव्हतं.

"कोरडं," ते पुटपुटत होते. "हेबी कोरडं. पार कोरडं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कापूस लयच वाळला की त्याचं सूत निंघत नाही, कारकून. हात लावला की तुटते. त्या अनसिंगवाल्यानं सांगतलं होतं मले."

घरी आल्यावर ते सरळ चुलीपाशी जाऊन बसले. माझ्याकडून लाल रेघांनी भरलेली सहावी वेचणी मागून घेतली.

"अवं, आइकतं काय?"

"काय आइकू? मी तं नाही त्यात."

"यात हाय."

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या माणसानं अख्ख्या तालुक्यातल्या बंडीवाल्यांना ही कादंबरी वाचून दाखवली होती, आणि बायकोला एक ओळ नाही. काकू भाकर थापत ऐकत होत्या. तिसऱ्या पानावर त्यांनी पिठाचा हात वर केला.

"थांबा. 'घ्या हो थोडी,' असं लिव्हलं काय तिथं?"

"हो."

"मी असं कधी म्हनली? 'अर्धीच हाय' म्हनते मी."

मास्तरांनी निमूटपणे खोडलं आणि लिहिलं. मागचापुढचा विचार न करता काकू म्हणाल्या, "अन् त्या म्हातारीले बोलू द्या थोडं. बिचारी इतकी वर्सं मुकी बसली हाय." त्या दिवशी दुरडीखाली जास्तीची भाकर होती. ती मी खाल्ली, हे सांगायला नको.

प्रकाशकाला पत्र मीच लिहिलं, मास्तरांनी सांगितलं तसं. आपला काटा वेगळा, आमचा वेगळा, क्षमा असावी. पुस्तक छापलं गेलं नाही, ते गेलं नाहीच. मास्तरांना त्याचं वाईट वाटलं. नाही वाटलं असं म्हणेन तर मी पाणी मारतोय असं समजा. त्या वर्षीच्या हंगामात कोटाच्या खिशाशी त्यांचा हात वरचेवर जायचा आणि रिकामाच परत यायचा.

आठवी वेचणी दुसऱ्या उन्हाळ्यात झाली. मास्तर वाचणार, काकू चुलीपासून हुकूम सोडणार, मास्तर खोडणार आणि मी लिहिणार. वजन वाढत चाललं होतं आणि दंडक कुणाला आठवतही नव्हता. शेवटचं प्रकरण मात्र मास्तरांनी काकूंना वाचून दाखवायच्या आधी एकट्यानं लिहून माझ्यापुढे टाकलं, आणि खिडकीपाशी पाठमोरे उभे राहिले. मी वाचायला लागलो. पूर ओसरला आहे. प्रवासी गेले आहेत. बाई धर्मशाळा झाडते आहे. इतक्यात एक बंडीवाला येतो, काही न बोलता मूठ पुढे करतो आणि उघडतो. मुठीत चिमूटभर कापूस, आणि कापसात नथ.

"मास्तर," मी म्हटलं, "हे पान गालाला लावून पाहिलंत?"

"नाही."

"का?"

"हे लावत नसतेत," ते खिडकीतूनच म्हणाले. "लिव्ह तू मुकाट्यानं. काकू येतीन आता आइकाले."

मी टाक बुडवला. ते एक पान मी दोनदा लिहिलं, कारण पहिल्या खेपेला माझं अक्षर हललं होतं.